आधी खोली, मग खरेदी

दसऱ्या-पाडव्याच्या सुमाराला टीव्हीच्या कुठल्याही दुकानात जरा वेळ उभं राहिलं, की दोन प्रश्न सारखे कानावर येतात. विक्रेता विचारतो, "किती इंची दाखवू?" आणि गिऱ्हाईक विचारतं, "एक्स्चेंज धरून केवढ्याला पडेल?" खोली केवढी आहे, सोफा भिंतीपासून किती लांब आहे, टीव्ही दुपारी जास्त चालतो की रात्री, खिडकी पश्चिमेला आहे का, हे कुणी विचारत नाही. विक्रेत्याला ते विचारायचा पगार मिळत नाही आणि हे विचारायचं असतं हेच गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. हे पुस्तक या न विचारलेल्या प्रश्नांपायी लिहिलं.

'डोळे मिटून घ्यावेत असे दहा टीव्ही' अशी यादी शोधत कुणी इथवर आलं असेल, तर त्याची निराशा होईल. मॉडेलचे नंबर दरवर्षी बदलतात. पुस्तक छापून दुकानात येईपर्यंत निम्मी यादी बाद झालेली असते. माणसाचा डोळा आणि कान मात्र बदलत नाहीत. प्रकाश आणि आवाज भिंतीवर आपटून परत येतात तेही आपल्या नियमानेच. पुस्तकाचा भर या न बदलणाऱ्या गोष्टींवर आहे.

सगळ्या प्रकरणांमधून एकच म्हणणं फिरत राहील, ते इथेच सांगून टाकतो. होम थिएटरमधली सगळ्यात महाग आणि सगळ्यात परिणाम करणारी वस्तू म्हणजे खोली, आणि ती तुम्ही आधीच विकत घेऊन बसला आहात. चौरस फुटाला दहा हजार रुपये धरले, तरी दहा बाय बाराची खोली बारा लाखांची झाली. तिच्यात ठेवायच्या दीड लाखाच्या वस्तूंसाठी आपण महिनाभर चौकश्या करतो आणि बारा लाखांच्या वस्तूकडे ढुंकूनही पाहत नाही.

दुकानात खोलीचा विसर पडावा अशीच सगळी मांडणी असते. पंचवीस-तीस टीव्ही ओळीने लागलेले, छतावर ट्यूबलाइटचा लखलखाट, आणि सगळ्या पडद्यांवर तीच ती फीत फिरत असते: लाल-निळे पोपट, मधाची संथ धार, रात्रीच्या दुबईचे मनोरे. या चित्रांमध्ये माणसाचा चेहरा क्वचितच येतो आणि अंधारातला चेहरा तर कधीच येत नाही. आपला डोळा रंग पारखण्यात कच्चा असला तरी माणसाच्या कातडीचा रंग बिघडलेला त्याला लगेच कळतो, म्हणून ती परीक्षा टाळलेली बरी. शिवाय दुकानात प्रत्येक टीव्ही 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडवर असतो. उजेड पूर्ण वर नेलेला, रंग भडक, आणि पांढरा रंग चक्क निळसर. आपल्या आया पांढऱ्या कपड्यांना नीळ देत, त्यामागेही हेच होतं. किंचित निळसर पांढरा डोळ्याला जास्त पांढरा वाटतो. टीव्हीवाल्यांनी तीच नीळ पडद्याला दिली आहे. स्टुडिओत चित्रपटाचे रंग ठरवले जातात, तेव्हा पांढऱ्याचं प्रमाण ६५०० केल्विनच्या आसपास धरलेलं असतं. दुकानातला पांढरा त्याच्या कितीतरी वर गेलेला असतो.

म्हणून नवा टीव्ही घरी आला, की पहिलं काम म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड निवडणं. घरचे म्हणतील, चित्र पिवळट झालं, पहिलंच बरं होतं. दोन-तीन संध्याकाळी दम धरा. डोळा सरावला, की मागे गेल्यावर जुनं चित्रच कोंबडीच्या दुकानातल्या दिव्याखाली ठेवल्यासारखं दिसतं. याच मेन्यूत कुठेतरी 'मोशन' नावाचा आणखी एक उपद्व्याप दडलेला असतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही आपल्या मनाने मधली चित्रं तयार करून भरतो आणि कोट्यवधी रुपये खर्चून काढलेला सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. २०१८ साली टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वारीला शेजारी उभं करून, हे बंद करा म्हणून सांगणारी चित्रफीतच काढली होती. २०१९ मध्ये 'फिल्ममेकर मोड' ठरवला गेला तो अशाच तक्रारींतून. क्रिकेट बघताना मोशन खुशाल चालू ठेवा, तिथे चेंडू स्पष्ट दिसण्याशी मतलब. सिनेमाला बंद.

आता अंतर. लहानपणी प्रत्येक मराठी घरात ओरडा बसायचा, "मागे सरक, डोळे जातील." डोळे काही जात नव्हते, पण मागे सरकण्यात तथ्य होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९८२ मध्ये देशात रंग आले, तरी चित्र होतं ५७६ दृश्य रेषांचंच. २१ इंची टीव्हीवर त्या रेषा साधारण सहा फुटांपलीकडे गेल्यावर एकमेकींत मिसळून जायच्या. त्याच्या आत बसलं की चित्राची वीण दिसायची. हाय डेफिनिशनने १०८० रेषा आणल्या, फोर-केने २१६०, आणि हिशेबच उलटा झाला. आता लांब बसलं तर पैसे वाया जातात. निरोगी डोळ्याला एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो. त्यावरून काढलेले आकडे पहिल्या प्रकरणात तक्त्यात दिले आहेत, त्यांतले दोन-तीन इथेच बघा. ५५ इंची पडद्यावर १०८० रेषा आणि फोर-के यांतला बारकाव्याचा फरक सात फुटांपलीकडे डोळ्याला कळत नाही. ४३ इंची फोर-के टीव्ही आठ फुटांवरून बघत असाल, तर त्या जादा ठिपक्यांचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. आणि ६५ इंची एट-के टीव्हीचं चीज करायचं, तर पडद्यापासून चार फुटांच्या आत बसावं लागेल. असं बसणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

यातून निघणारा निष्कर्ष अनेकांना पचत नाही. दहा फुटी हॉलमध्ये एका भिंतीला टीव्ही आणि समोरच्या भिंतीला सोफा असेल, तर डोळा आणि पडदा यांत साडेआठ फूट राहतात. एवढ्या अंतरावरून चित्राने नजरेचे निदान तीस अंश व्यापावेत हा रूढ संकेत पाळायचा, तर ६५ इंची पडदा लागतो. म्हणजे वन बीएचकेत ६५ इंची घेणं ही उधळपट्टी नाही. तिथे ४३ इंची फोर-के घेणं ही उधळपट्टी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे मोठ्या पडद्याला नको म्हणायचं एक कारण कमी झालं आहे. अट एकच, सुताराला टीव्ही फोटोफ्रेमच्या उंचीवर लावू देऊ नका. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतो आणि पडद्याचा मध्य त्याच्याच आसपास हवा. खाली शोकेस, वर टीव्ही, त्याच्या वर पीओपीची झालर हा आपल्याकडचा ठरीव नमुना मान दुखवायला उत्तम आहे.

टीव्हीचा कस लागतो तो काळ्यावर. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) लावून बघा. सतत कोसळणारा पाऊस, दिवसाउजेडीही मळभ, आणि वाड्याच्या आत कंदिलाच्या उजेडात जेवढं दिसेल तेवढंच जग. साध्या एलसीडी टीव्हीत पडद्यामागचा दिवा चालूच असतो, त्यामुळे काळं म्हणजे करडं. कंदिलाभोवतीचा अंधार धुरकट होतो आणि भीती निम्मी विरून जाते. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. काळं म्हणजे खरोखर काही नाही. एलजीने २०१३ मध्ये ५५ इंची ओएलईडी बाजारात आणला, त्यानंतर अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघणाऱ्यांसाठी वाद जवळजवळ संपला. क्यूएलईडी हा त्याचा भाऊ नव्हे. तो एलसीडीच, फक्त मागच्या दिव्याच्या प्रकाशाला क्वांटम डॉटने चांगले रंग दिलेले. मिनी-एलईडी मधला मार्ग आहे: मागचे दिवे शेकडो-हजारो तुकड्यांत विभागलेले, हवे तिथले मंद होणारे.

मग सरसकट ओएलईडीच घ्यावा का? नाही, आणि इथे पुन्हा घर आडवं येतं. हॉलला पश्चिमेची मोठी काचेची सरकती खिडकी असेल आणि टीव्ही मुख्यतः दुपारी चालत असेल, तर त्या उजेडात ओएलईडीचं काळं कुणाला दिसणार आहे? तिथे भरपूर उजळणारा मिनी-एलईडी जास्त शहाणपणाचा. दुसरं म्हणजे मराठी वृत्तवाहिन्या. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत तीच लाल पट्टी, तोच चौकोनी लोगो, त्याच जागी. ओएलईडीचे ठिपके वापराप्रमाणे झिजतात. एकच आकृती महिनोन्महिने एका जागी राहिली, की तिचा ठसा पडद्यावर कायमचा उमटू शकतो. ज्या घरात आजोबांची बातम्यांची बैठक उठतच नाही, त्या घरात ओएलईडी घेताना विचार करा. आजोबांना बदलणं शक्य नाही.

प्रोजेक्टरचं आपल्याला अप्रूप नसावं खरं तर. जत्रेतल्या तंबूत आणि गणेशोत्सवात भर रस्त्यावर पांढरं कापड ताणून सिनेमे दाखवले गेले, आणि कापडाच्या मागे बसलेल्यांनी नावं उलटी वाचत तेच सिनेमे तेवढ्याच आनंदाने पाहिले. त्या खेळांना एक गोष्ट आपसूक मिळायची, ती म्हणजे रात्र. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावरचं काळं म्हणजे जिथे त्याने प्रकाश टाकला नाही ती जागा, आणि ती जागा खोलीत जेवढा उजेड आहे तेवढीच काळी. पांढऱ्या भिंतींच्या, दिवसाउजेडीच्या हॉलमध्ये तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टरसुद्धा फिकट पडतो. उलट पूर्ण अंधारात १०० इंची पडद्याला सिनेमागृहाच्या प्रमाणाइतकं उजळायला पडद्यावर पोहोचणारे पाचशे ल्युमेन पुरतात. म्हणजे ब्लॅकआउट पडदे आणि छताला गडद मॅट रंग यांवर केलेला खर्च हा प्रोजेक्टरवरचाच खर्च समजावा, आणि तोच आधी करावा.

मग मोजमाप. १०० इंची पडदा सव्वासात फूट रुंद असतो. १.५ थ्रो रेशोचा, म्हणजे रुंदीच्या दीडपट अंतर मागणारा, प्रोजेक्टर त्यासाठी अकरा फूट मागे न्यावा लागतो. बाराफुटी बेडरूममध्ये मागच्या भिंतीला कपाट असलं, की गाडी तिथेच अडते. भिंतीलगत ठेवायचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर ही अडचण सोडवतात, पण त्यांना समोरून आणि छतावरून येणारा उजेड नाकारणारा खास पडदा लागतो, आणि त्याची किंमत बजेटमध्ये धरायला बहुतेक जण विसरतात. डीएलपी, थ्रीएलसीडी आणि एलकॉस यांची तुलना तिसऱ्या प्रकरणात केली आहे. इथे फक्त एवढंच: एका चिपच्या डीएलपीत काहींना नजर फिरवताना इंद्रधनुष्याच्या रेघा दिसतात. कुणाला दिसतील हे आधी सांगता येत नाही. घरातल्या सगळ्यांनी डेमो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, आणि हायवेलगतच्या घरांत धुळीने फिल्टर तुंबतात. या दोन्हींची निगा हे मासिक काम आहे.

बाजारातल्या 'मिनी प्रोजेक्टर'बद्दल मात्र गप्प बसवत नाही. डब्यावर नऊ हजार, बारा हजार ल्युमेन छापलेलं असतं आणि आत शे-दोनशे एएनएसआय ल्युमेनचा दिवा असतो. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डर आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरवर 'पीएमपीओ' नावाचा आकडा छापत. खरी ताकद दहा-वीस वॉट आणि डब्यावर हजारांच्या घरातला आकडा. ती विद्या लोप पावलेली नाही, तिने फक्त वस्तू बदलली. आकड्याच्या मागे 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' लिहिलेलं नसेल, तर तो आकडा नव्हे, नक्षी समजावी.

आता पुस्तकाच्या ज्या भागासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, त्या आवाजाकडे येतो. पुस्तकाची निम्म्याहून जास्त पानं त्याला दिली आहेत, आणि खर्चाचंही प्रमाण तेच ठेवा असा माझा आग्रह आहे. टीव्ही जसजसा पातळ होत गेला, तसतशी त्यात स्पीकरला जागा उरली नाही. ते खाली तोंड करून किंवा पाठीला लावून दिलेले असतात, त्यामुळे आवाज आधी भिंतीवर किंवा टीव्ही युनिटवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. मराठी सिनेमालाही सबटायटल लावून बसायची वेळ येते, त्यात नटांच्या उच्चारांचा दोष असेलच, पण या स्पीकरांचाही मोठा आहे.

सिनेमागृहात पडद्याला बारीक भोकं असतात आणि मधला स्पीकर त्या भोकांमागे असतो. म्हणून शब्द पात्राच्या तोंडातून आल्यासारखे वाटतात. घरी हे काम सेंटर स्पीकरने करायचं असतं. ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा मांडणीत, जवळजवळ सगळे संवाद या एका स्पीकरमधून येतात, तेव्हा पाचांतला सगळ्यात चांगला हाच हवा. आपल्याकडे सुतार त्याच्यासाठी टीव्ही युनिटमध्ये सनमायकाचा एक कोनाडा करतो, स्पीकर त्यात खोल सरकवतो आणि पुढे छान जाळी लावतो. मग आवाज आत घुमतो आणि शब्द बोजड होतात. स्पीकरचं तोंड फळीच्या कडेला आणा, खाली किंचित पाचर घालून ते कानाच्या दिशेने उचला. पाच रुपयांच्या रबरी तुकड्याने मिळणारा एवढा फायदा दुसऱ्या कशाने मिळणार नाही. डावा-उजवा स्पीकर मध्यापासून तीस-तीस अंशांवर, मागचे दोन बाजूला आणि थोडे मागे, साधारण ११० अंशांवर. मागच्यांना छताच्या कोपऱ्यात खिळे मारून टांगण्याची पद्धत मोडायला हवी. ते हॉटेलातलं संगीत नव्हे.

खोलीची परीक्षा घ्यायला यंत्र लागत नाही. खोलीच्या मधोमध उभे राहा आणि एक खणखणीत टाळी वाजवा. टाळीमागून धातूवर काहीतरी थरथरल्यासारखा 'झर्रर्र' असा शेपूट-आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत. आपल्या फ्लॅटमध्ये तो येतोच. खाली व्हिट्रिफाइड टाइल, चारी बाजूंना गुळगुळीत पुट्टी, एका बाजूला काच; आवाज शोषून घेईल असं काही नसतं. सोफ्यापुढे जाड सतरंजी, खिडकीला दुहेरी कापडाचे पडदे, मागच्या भिंतीला उंच-ठेंगण्या पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट, बाजूच्या भिंतीवर आईने शिवलेली गोधडी थोडं अंतर सोडून टांगलेली. पुन्हा टाळी वाजवा. फरक कानाला कळतो, दुसऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्यांनी फक्त धूळ जमते.

सबवूफरचं गणित निराळं, कारण तिथे खोलीची लांबी-रुंदीच वाद्य वाजवते. दहा फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंती ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर फुगवतात. खोली चौरस असेल, तर दोन्ही जोड्या तोच सूर फुगवतात, आणि उंचीही दहाच फूट असेल तर विचारूच नका. एका जागी बसलेल्याला छाती हादरल्यासारखं वाटतं आणि दोन फुटांवर बसलेल्याला काही ऐकूच येत नाही. यावर जुना, हसू येईल असा पण हमखास उपाय आहे: सबवूफर उचलून सोफ्यावर आपल्या जागी ठेवा, खर्जातलं एखादं वादन लावा आणि खोलीभर रांगत फिरा. जिथे खर्ज मोकळा आणि स्वच्छ ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. परीक्षेला स्फोटाचे प्रसंग घेऊ नका, स्फोट सगळ्यांकडे चांगलेच वाजतात. तबल्याचा डग्गा घ्या. हाताच्या तळव्याने घिसा देताना सूर वर चढतो तो प्रत्येक पायरीवर सारखा उमटला पाहिजे. एका ठिकाणी अचानक ढब्ब झाला, की खोली मध्ये बोलली.

माणसाच्या आवाजासाठी चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'मधले मोटारसायकलचे प्रसंग घ्यावेत. रात्रीच्या रिकाम्या मुंबईतून नायक संथ गतीने चालला आहे आणि तानपुऱ्याच्या सुरावर माई या पात्राचा, म्हणजे सुमित्रा भावे यांचा, आवाज चालू आहे. चांगल्या मांडणीत तानपुऱ्याची जवारी खोलीभर पसरते आणि माईंचा आवाज तिच्यात न बुडता मधोमध उभा राहतो. एवढं जमलं की बाकी बहुतेक सगळं जमलं.

वॉटच्या आकड्याला भुलू नका. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. त्यापेक्षा आवाज कमी करण्याकडे, म्हणजे खोलीतला फुकटचा आवाज कमी करण्याकडे लक्ष द्या. 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या सिनेमातला ध्वनीचा सगळ्यात धाडसी निर्णय शेवटी आहे, जिथे नागराज मंजुळे आवाज काढूनच घेतात. लहान मूल चालत जातं आणि काहीही ऐकू येत नाही. सिनेमागृहात त्या क्षणी शेजारच्याचा श्वास ऐकू येत होता. घरी त्या जागी काय ऐकू येतं? पंखा. पाच नंबरवरचा, किंचित डुगडुगणारा पंखा, आणि त्यात मिसळलेली फ्रिजची घरघर. एक लाखाचा ॲम्प्लिफायर त्या शांततेचं काही करू शकत नाही. पंख्याचं बॅलन्सिंग करून घ्या, सिनेमापुरता तो दोनवर आणा, दाराच्या फटीला रबराची पट्टी लावा. शांत सुरुवातीवरच मोठा आवाज मोठा वाटतो.

डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये सिनेमागृहांत आलं आणि आता साउंडबारच्या डब्यावरही छापलेलं असतं. छतावर आवाज आपटवून वरून आल्याचा भास निर्माण करणारे बार सपाट, साधारण नऊ-दहा फुटी छताखाली काही प्रमाणात काम करतात. पीओपीच्या पायऱ्या आणि झुंबर असलेल्या छताखाली करत नाहीत. साउंडबारला मी नावं ठेवत नाही. भाड्याच्या घरात, जिथे भिंतीला खिळा मारायचा तर मालकाला विचारावं लागतं, तिथे तोच योग्य. फक्त २.१ ऐवजी ३.१ घ्या, म्हणजे संवादाला स्वतंत्र मधला स्पीकर मिळेल. स्वतःचं घर असेल आणि पैसे थोडे असतील, तर पाच स्वस्त स्पीकरांपेक्षा तीन चांगले घ्या, मागचे दोन पुढच्या दिवाळीला.

शेजाऱ्यांचाही विचार पुस्तकात आहे. खर्ज भिंतीला जुमानत नाही, तो स्लॅबमधून उतरतो, आणि खालच्या मजल्यावरच्या बाळाला तुमच्या सबवूफरची किंमत माहीत नसते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. सबवूफरखाली जाड रबर घाला, रिसीव्हरमधला 'नाइट मोड' शोधा. सोसायटीच्या सभेत आपला विषय येऊ नये, ही काळजी घेणं मोठ्या सिनेमाप्रेमाचं लक्षण आहे.

वायरी, एचडीएमआय, स्टॅबिलायझर, वॉरंटी यांवर एक छोटं प्रकरण आहे आणि ते छोटंच असायला हवं. घराचं काम काढलंच असेल तर भिंतीत वायरीऐवजी रुंद पाइप टाका, म्हणजे उद्या वायर बदलता येईल. टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत ई-आर्क चालेल अशी जोडणी ठेवा. आणि इंटरनेटवरच्या फोर-केकडून फोर-के ब्लू-रेची अपेक्षा करू नका. एकाला सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट मिळतात, दुसऱ्याला शंभराच्या वर जाता येतं. फरक सगळ्यात आधी आवाजात आणि अंधाऱ्या दृश्यांत दिसतो.

हे सगळं वाचून कुणी विचारेल, की एवढा खटाटोप कशाला. माझ्यापुरतं उत्तर असं, की सिनेमा बनवणाऱ्याने जे ठेवलं ते मला जसंच्या तसं बघायचं आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) जवळजवळ चौकोनी चौकटीत रचलेला आहे. आजच्या रुंद पडद्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. लोकांना ते पट्टे खुपतात, रिमोटवरचं बटण दाबलं जातं, आणि तुकोबा आडवे सुटतात किंवा डोक्यावरचं पागोटं कापलं जातं. दामले आणि फत्तेलाल यांनी प्रत्येक चौकट विचाराने बांधली होती. ते काळे पट्टे तिथेच राहू द्यावेत, खोलीत अंधार असला की ते दिसतही नाहीत. सिनेमास्कोप चित्रपटांत ते वर-खाली येतात आणि पडद्याची जवळजवळ पाव जागा रिकामी ठेवतात; तिथेही तेच.

पुस्तक सलग वाचायची गरज नाही. प्रोजेक्टर घ्यायचा नसेल तर तिसरं आणि चौथं प्रकरण सोडून द्या. टीव्ही घरात आलेलाच असेल तर सेटिंगच्या प्रकरणापासून सुरुवात करा, पैसे न घालवता फरक पडतो तो तिथेच. खोलीचं प्रकरण मात्र कुणी वगळू नये. ते उघडण्यापूर्वी मेजरिंग टेप घ्या आणि या पानाच्या समासात पेन्सिलने पाच आकडे लिहा: खोलीची लांबी, रुंदी, उंची, सोफ्यावर टेकून बसल्यावर डोळ्यापासून समोरच्या भिंतीचं अंतर, आणि डोळ्याची जमिनीपासूनची उंची. पुढच्या सगळ्या तक्त्यांत हेच पाच आकडे लागणार आहेत. ते लिहून होईपर्यंत दुकानात जाऊ नका, मग तिथे कितीही मोठी सूट चालू असो.